लोखंड्याची ढाल

"बाई, मला एकही लागला नाही!" लोखंड्या आनंदाने ओरडला.

खरंच होतं ते. चार गॉब्लिन चालून आले, पण लोखंड्याच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता. मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चांदणी आपल्या कागदाकडे बघत गप्प बसली होती. तिच्याजवळ होते सात गुण आणि त्यातून वजा झाले होते अकरा. वजाबाकी जमत नाही म्हणून ती गप्प नव्हती. उत्तर काय येतं ते तिला बरोबर कळलं होतं.

थांबा मुलांनो, आधी ओळख करून देते. लोखंड्या, चांदणी ही काही मुलांची खरी नावं नव्हेत बरं का! ती त्यांच्या खेळातल्या पात्रांची नावं. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दोन भाच्या माझ्याकडे राहायला आल्या होत्या, थोरली सातवीतली आणि धाकटी तिसरीतली. वरच्या मजल्यावरचे दोन मुलगेही येऊन बसले. त्यातला एक चार वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. तो अजून मला 'बाई' म्हणतो, बाकीच्यांची मी मावशी. चौघांनी मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचं ठरवलं होतं.

हा खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्टच. त्याला पट लागत नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. "समोर पडका वाडा आहे, आतून धूर येतोय, काय करता?" असं मी विचारायचं. "मी खिडकीतून डोकावतो," असं कोणीतरी म्हणायचं. जमेल की नाही याची शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्याकडे गोष्ट सांगणारी मी होते. म्हणजे वाडा मी, धूर मी आणि गॉब्लिनही मीच! गॉब्लिन म्हणजे ठेंगणे, चपळ, लुटारू प्राणी.

चौघांनी पात्रं निवडली. माझा जुना विद्यार्थी झाला लढवय्या लोखंड्या. थोरली भाची झाली मुंगूस, म्हणजे हातचलाखी करणारी, सावलीत लपणारी चोरटी. दुसरा मुलगा झाला जखमा बऱ्या करणारा वैद्यबुवा आणि धाकटी झाली जादूगार चांदणी.

आता लोखंड्याच्या कागदाकडे बघू, कारण सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

प्रत्येक पात्राचा एक आकडा असतो, त्याला 'आर्मर क्लास' म्हणतात. तुम्हांला वार लागणं किती कठीण आहे ते हा आकडा सांगतो. अंगात चिलखत नसेल तर मूळचे १० आणि त्यात तुमच्या चपळाईचे एकदोन. वार करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, पडलेल्या दानात आपलं कसब मिळवतो. बेरीज तुमच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर वार लागला, नाहीतर हुकला. गॉब्लिनचं कसब ४.

आमच्याकडे २०१४ सालचं नियमांचं पुस्तक आहे. २०२४ साली सुधारित पुस्तक निघालं, त्यात काही नियम बदलले आहेत, पण हा हिशेब तसाच आहे. त्या पुस्तकाप्रमाणे नवा लढवय्या कड्यांचं चिलखत घालू शकतो, त्याचे १६. ढाल घेतली की आणखी २. शिवाय लढण्याची एक खास शैली निवडायची असते. त्यात 'डिफेन्स' नावाची शैली आहे, तिचा आणखी १. एकूण १९! पहिल्याच दिवशी १९ म्हणजे चैन आहे. लोखंड्याने तो आकडा लाल पेनने लिहिला आणि भोवती दोन चौकटी काढल्या.

गॉब्लिनला १९ गाठायचे तर १५ किंवा त्याहून मोठं दान पडायला हवं. १५, १६, १७, १८, १९, २०. वीसपैकी फक्त सहा दानं. चांदणीचा आकडा मात्र १२. तिला गाठायला ८ च्या वरचं कुठलंही दान पुरतं, ८ सुद्धा. म्हणजे वीसपैकी तेरा.

पहिल्या फेरीत दोघा गॉब्लिननी लोखंड्यावर वार केले. दोन्ही हुकले. मग मी गॉब्लिनच्या डोक्याने विचार केला. समोर एक लोखंडाचा माणूस, त्याच्यावर तलवार आपटून काही होत नाही. मागे टोकदार टोपीवाली एक मुलगी आणि तिच्या अंगात नुसता झगा. तुम्ही गॉब्लिन असता तर काय केलं असतं?

ते लोखंड्याला वळसा घालून गेले. एरवी शत्रू जवळून निसटू लागला की त्याच्यावर एक फुकटचा वार करता येतो. पण गॉब्लिन इतके चपळ की त्यांना तोही चुकवता येतो, नियमातच तसं आहे. पहिला वार पाचाचा, दुसरा सहाचा. चांदणी कोसळली.

कोसळली म्हणजे मेली असं नाही हं! गुण शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडतं. मग त्याची पाळी आली की फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशं आधी झाली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी झाली तर संपलं. चांदणीने फासा टाकला. ८ पडले. एक अपयश. सगळे एकदम गप्प. पुढच्या पाळीला वैद्यबुवा धावत आला, त्याने मंत्र म्हणून तिला उठवलं आणि कसेबसे ते गॉब्लिन पळवले. धाकटीचे डोळे भरले होते. पण ती रडली नाही. "मावशी, मला नवीन कागद दे, हा खोडून खोडून फाटलाय," एवढंच म्हणाली.

लोखंड्याचा चेहरा आता उतरला होता. "बाई, त्यांनी माझ्याशीच लढायला पाहिजे होतं," तो कुरकुरला. "कॉम्प्युटरच्या गेममध्ये तसंच असतं. एक बटण दाबलं की सगळे राक्षस आपल्यावर येतात."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. बऱ्याच कॉम्प्युटर गेममध्ये अशी सोय असते. मार खाणाऱ्या भिडूला तिथे 'टँक' म्हणतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीतही लढवय्याला शत्रूवर 'खूण' करता येत असे. खूण झालेल्याने लढवय्याला सोडून दुसऱ्यावर वार केला तर त्या वाराच्या बेरजेतून २ वजा होत. पण २०१४ च्या नियमांत साध्या लढवय्याला असं काही मिळत नाही. इथे राक्षस चालवायला माणूस बसलेला असतो, आणि माणसाला डोळे असतात.

या खेळाची जन्मकथाही अशाच एका टेबलावरची आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावचे, आर्नेसन शेजारच्या मिनेसोटाचे. दोघांनाही लढायांचे खेळ खेळायचा नाद. सैन्यं मांडायची, फासे टाकायचे, कोण हरलं ते मोजायचं. आर्नेसन यांनी पुढे सांगितलं आहे की त्यांच्या सुरुवातीच्या डावांत एकच वार लागला की पात्र खलास. खेळाडूंना ते मुळीच आवडेना, कारण एव्हाना त्यांचा आपापल्या पात्रावर जीव जडलेला असे. मग आर्नेसन यांनी आपल्याच एका जुन्या आरमारी खेळातली कल्पना उचलली. त्यात लोखंडी पत्र्यांनी मढवलेली लढाऊ जहाजं असायची. प्रत्येक जहाजाचा पत्रा किती जाड आणि ते किती मार खाऊन बुडेल, याचे आकडे ठरलेले असत. तेच आकडे माणसांना लावले! म्हणजे आपला लोखंड्या नावाप्रमाणेच एका लोखंडी जहाजाचा वंशज आहे म्हणा ना.

गंमत म्हणजे त्या वेळी हा आकडा उलटा चाले. चिलखत नसलेल्याचा ९ आणि पूर्ण पोलादी चिलखत अधिक ढाल असलेल्याचा २. जितका कमी तितका चांगला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो सुलटा झाला. बरं झालं, नाहीतर धाकटीला समजावताना माझी धडगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंड्या चौकटीची वही घेऊन हजर. त्याच्यामागे माझी थोरली भाची. दोघांनी रात्री बराच काथ्याकूट केलेला दिसत होता.

"मावशी," थोरली म्हणाली, "आर्मर क्लास एकाने वाढला की प्रत्येकाचा फायदा सारखाच ना? विसातलं एक दान कमी."

मी म्हटलं, मोजून बघा. १२ चे १३ केले तर गॉब्लिनची तेरा दानं होती त्यांची बारा झाली. १८ चे १९ केले तर सात होती त्यांची सहा झाली. दोन्हीकडे एकच गेलं. पण तेरातलं एक जाणं वेगळं आणि सातातलं एक जाणं वेगळं. पहिल्याचा मार तेराव्या हिश्शाने कमी होतो, दुसऱ्याचा सातव्या हिश्शाने. म्हणजे आधीच भक्कम असलेल्याला पुढचा प्रत्येक गुण जास्त लाभतो. म्हणून तर खेळाडू एकाच पात्रावर चिलखतामागे चिलखत चढवत सुटतात. (दहावीच्या बीजगणितात संभाव्यता येते, ती हीच. तोवर थांबायची गरज नाही.)

लोखंड्या वहीवर पेन्सिल आपटत म्हणाला, "पण बाई, मी जितका भक्कम, तितकं मला मारण्यात त्यांना काही मिळतच नाही. मग ते माझ्याकडे येतीलच कशाला?"

एवढं त्याला उमगलं म्हटल्यावर मी चहा ठेवला आणि खरी चर्चा सुरू झाली. ती दोन तास चालली.

थोरलीचं म्हणणं, ढाल फेकून दे आणि दोन हातांची मोठी तलवार घे. गॉब्लिनला सातच गुण असतात. मोठ्या तलवारीचे दोन साधे फासे पडतात आणि लोखंड्याच्या ताकदीचे ३. वार लागला की छत्तीसपैकी तेहेतीस वेळा गॉब्लिन गार. मेलेला गॉब्लिन कोणालाच मारत नाही, हासुद्धा बचावच झाला की! एका हाताच्या तलवारीला आठ बाजूंचा फासा, अधिक तेच ३. तिथे आठापैकी पाचच वेळा काम होतं. हे ऐकून वैद्यबुवा हळूच म्हणाला, "पण 'ड्युएलिंग' नावाची शैली घेतली तर एका हाताच्या तलवारीला आणखी २ मिळतात. ढालही राहते." मोजलं. आठापैकी सात वेळा! आर्मर क्लास १८, आणि वारही जवळजवळ मोठ्या तलवारीइतका पक्का. मी तर चकितच झाले. हा मुलगा एरवी तोंड उघडत नाही.

खरं सांगते, मी असते तर ड्युएलिंगच घेतलं असतं. कागदावर तेच सरस दिसतं.

पण लोखंड्याचं बोट यादीत खाली जाऊन थांबलं होतं. 'प्रोटेक्शन'. ही शैली घेतली तर स्वतःचा आर्मर क्लास वाढत नाही. १९ चे १८ होतात. मात्र तुमच्या हातात ढाल असेल आणि पाच फुटांच्या आतल्या सोबत्यावर कोणी वार केला, तर तुम्ही ढाल मध्ये घालू शकता. मग वार करणाऱ्याला दोन फासे टाकावे लागतात आणि त्यातलं लहान दान धरावं लागतं. फेरीत एकदाच, आणि सोबत्याच्या शेजारी उभं असाल तरच.

"एकदाच?" थोरलीने नाक मुरडलं. "चार गॉब्लिन असले तर?"

"तीनच लागतील," लोखंड्या म्हणाला.

पुस्तकाच्या नियमाप्रमाणे एकदा घेतलेली शैली अशी बदलता येत नाही. पण पहिलाच खेळ होता, मी बदलू दिली. डंजन मास्टरला तेवढी मुभा असते, आणि शिक्षकालाही.

आता चांदणीचं काय? जादूगाराला चिलखत पेलत नाही. ते घालायचं शिक्षण त्याला मिळालेलं नसतं आणि न शिकता घातलं तर मंत्र म्हणता येत नाहीत. पण 'मेज आर्मर' हा मंत्र आहे. तो म्हटला की आठ तास तिच्या मूळच्या १० चे १३ होतात. चपळाईचे २ धरून १५. दुसरा मंत्र 'शील्ड'. वार लागतोय असं दिसताक्षणी म्हणायचा, लगेच ५ वाढतात, पण तिची पुढची पाळी येईपर्यंतच. अडचण अशी की नव्या जादूगाराला असे मंत्र दिवसातून मोजक्याच वेळा म्हणता येतात.

"मग मी आग कधी फेकू?" धाकटीने विचारलं. तिने पहिल्या दिवशी फक्त आगीचे मंत्र निवडले होते!

तिला सांगितलं, 'फायर बोल्ट' हा छोटा मंत्र कितीही वेळा म्हणता येतो. तेव्हा कुठे ती मेज आर्मरला तयार झाली. आता बघा, तिच्या १५ ला गॉब्लिनची वीसपैकी दहा दानं लागतात. निम्मी. लोखंड्याने ढाल मध्ये घातली की दोन्ही फाशांवर तशी दानं पडायला हवीत. निम्म्याचं निम्मं, म्हणजे पाव.

चिलखत सगळ्यालाच पुरतं असंही नाही. आगीचा मोठा गोळा येऊन फुटला तर तो तुमचा आर्मर क्लास विचारत नाही. तिथे तुमची चपळाई किती हे बघतात. विषाला शरीराचा काटकपणा, भुरळ घालणाऱ्या मंत्राला मनाचा. पण ते पुढच्या लेव्हलचं दुखणं. आणि लढवय्या चौथ्या लेव्हलला पोचला की 'सेंटिनेल' नावाचं कौशल्य घेऊ शकतो. ते असलं तर चपळ गॉब्लिनही फुकटच्या वारातून निसटत नाही आणि वार लागला की जागीच खिळतो. लोखंड्याने त्या पानात मोरपीस घालून ठेवलंय.

त्या संध्याकाळी पडक्या वाड्यात पुन्हा डाव मांडला. या वेळी गॉब्लिन पाच. मुलांनी मैदानात उभं राहायचंच नाही असं ठरवलं होतं. लोखंड्या थेट उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला. शत्रू उभा आहे त्या जागेतून गॉब्लिनला आरपार जाता येत नाही, म्हणजे दार बंद! चांदणी दाराशेजारच्या खिडकीशी, लोखंड्याच्या हाताच्या अंतरावर. मुंगूस माळ्यावर धनुष्य घेऊन. वैद्यबुवा मध्ये.

पहिल्या दोन फेऱ्या लोखंड्याने तलवार चालवलीच नाही. त्याने 'डॉज' केलं, म्हणजे आपली पाळी नुसती वार चुकवण्यात घालवली. डॉज करणाऱ्यावर वार करतानाही दोन फासे टाकून लहान दान धरतात. त्याच्या १८ ला गॉब्लिनची वीसपैकी सात दानं. दोन्ही फाशांवर तशी पडण्याची शक्यता चारशेत एकोणपन्नास, म्हणजे शंभरात जेमतेम बारा. दारातले तिघं नुसते आपटत राहिले. बाहेरचे दोघं खिडकीतून चांदणीवर बाण सोडत होते. दर फेरीत एका बाणाच्या आड ढाल येत होती. दुसरा नशिबाने हुकत होता. खिडकीतून आगीचे गोळे, माळ्यावरून बाण. दोन गॉब्लिन पडले, मग तिसरा.

उरलेल्या दोघांवर लोखंड्या तुटून पडला. डॉज सोडलं म्हटल्यावर त्याला मार बसू लागला. तीनाचा, चाराचा, पुन्हा चाराचा. बारा गुणांतला एक उरला तेव्हा शेवटचा गॉब्लिन मुंगसाच्या बाणाने कोसळला. चांदणीचे सातच्या सात शिल्लक होते.

"बाई, आज मला तीन लागले!" लोखंड्या ओरडला. अगदी पहिल्या दिवसासारखाच.

तुम्हांला खेळून बघायचं असेल तर महागडं सामान लागतंच असं नाही. मूळ नियमांचा बराच भाग प्रकाशकांनी २०२३ साली सर्वांना मोफत वापरायला खुला केला आहे. नियम इंग्रजीत आहेत, तेव्हा आई-बाबांना किंवा ताई-दादाला सोबत बसवा. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची मात्र विसरू नका, नाहीतर सगळं गणित बिघडतं. आमच्या वैद्यबुवाने एकदा २० ची चिठ्ठी मुठीत लपवून ठेवली होती, ती सापडेपर्यंत आमचे गॉब्लिन फार दुर्दैवी ठरत होते!

भाच्या परत जायच्या आदल्या दिवशी लोखंड्याने आपल्या कागदामागे मोठी ढाल काढली आणि तिच्यावर कसलं चित्र हवं ते चांदणीला विचारलं. तिने चंद्रकोर काढायचं ठरवलं. पण कोर जरा फुगली, आणि तिच्या कडेला तिने नक्षी म्हणून बारीक दाते काढले. तेव्हापासून लोखंड्याच्या ढालीवर करंजी आहे.